उघडा कोपरा

धाकटी प्रार्थनाघराच्या खिडक्यांचं माप घेऊन परतली, तेव्हा दुकानाच्या मागच्या खोलीत मोठी जाऊ काच कापायच्या टेबलावरून पिठाचा गोळा फिरवत होती. रविवारी सगळं घर याच टेबलावर जेवायचं, हा सासऱ्यांनी पाडलेला पायंडा. आधी ओलं फडकं, मग मळलेल्या पिठाचा गोळा दाबून दाबून फिरवायचा, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे काचेचे कणही त्याला चिकटून येतात. मग चादर आणि मग ताटं. इतक्या वर्षांत या घरात कोणाच्या घशात काचेचा कण म्हणून गेला नव्हता. मोठीला याचा भारी अभिमान. जेवायला बसलेल्या पाहुण्यांना ती हे आवर्जून सांगायची आणि पाहुण्यांची भूक मरायची.

"झालं माप?" मोठीने मान वर न करता विचारलं.

"झालं, ताई."

"मग तोंड का असं? कोणी काही बोललं का तिथे?"

"नाही हो. ऊन होतं."

ऊन कसलं! सकाळपासून आभाळ होतं. पण मोठी गोळा फिरवण्यात गढलेली, म्हणून निभावलं. धाकटीने टेप खिळ्याला अडकवला आणि नळाखाली हात धरले, ते बराच वेळ धरलेलेच. केसांत पांढरं आलं, नवरा जाऊन वर्षं लोटली, पोरगा मिसरूड फुटून मोठा झाला, तरी या घरात ती धाकटीच. काचेवर मात्र तिच्याइतका सरळ हात दुकानात कोणाचा चालत नव्हता आणि ही गोष्ट तिचे दीरही चारचौघांत कबूल करत.

परवा संध्याकाळी चौकात सभा झाली. ज्यूंना या शहरातून हाकला, त्यांनी आपलं सगळं गिळलंय, वगैरे वगैरे. सभा संपली आणि तिथलीच तीसेक टाळकी घोषणा देत गल्लीत शिरली. ज्यूंच्या प्रार्थनाघराच्या रस्त्याकडच्या सगळ्या काचा त्यांनी फोडल्या, आत घुसले आणि तिथल्या म्हाताऱ्या राखणदाराला, चावीबाबांना, बडव बडव बडवलं. हात मोडला. एका डोळ्याचं काय होतंय ते डॉक्टर अजून सांगत नव्हते. चावीबाबा म्हणजे कमरेला जुडगा लावून फिरणारा, कोणाच्या अध्यात ना मध्यात असलेला माणूस. मागच्या वर्षी धाकटी त्या काचा बसवत होती, तेव्हा चारही दिवस खाली शिडी धरून तेच उभे होते. वर बघून म्हणायचे, "पोरी, पडलीस तर माझ्यावर पड, फरशी नवीन आहे."

सगळे जेवायला बसले. टेबलाच्या एका टोकाला दादा, म्हणजे मोठीचे यजमान, धाकटीचे दीर, दुकानाचे मालक. त्यांच्या उजव्या हाताला वन्सं. लग्न न करता वकिली करणारी, घरात सगळे जिला भितात आणि अडलं की जिच्याकडेच धावतात, ती नणंद. दुसऱ्या टोकाला धाकटीचा मुलगा भिंग्या. लहानपणी कोणीतरी दिलेलं भिंग घेऊन तो दिवसभर मुंग्या बघत बसायचा, तेव्हापासून हे नाव चिकटलेलं. आता बावीस वर्षांचा घोडा झाला होता, मालाची गाडी चालवायचा. त्याचा फोन ताटाशेजारी पालथा पडला होता.

"सकाळी फोन आला होता," दादा म्हणाले. "नाव सांगितलं नाही. म्हणे, त्यांच्या काचा बसवल्यात तर तुमच्या फोडू."

"अगं बाई!" मोठीने कपाळाला हात लावला.

"काचवाल्याला काच फोडायची धमकी. फोडू दे की, धंदा वाढेल आपला." दादा स्वतःच हसले.

"नाही म्हणून कळवा त्यांना," मोठी म्हणाली. "शहरात आपण एकटेच काचवाले आहोत का? दुसरा कोणी बसवेल. आपल्या घरात पोरंबाळं आहेत."

"या दुकानातून आजवर कोणी काच मागितली आणि मिळाली नाही, असं झालंय का?" दादांनी विचारलं. "बाबांचा शब्द आहे. येईल त्याला काच. तो कोण, कुठला, हे विचारायचं नाही."

"बाबांच्या वेळी असली माणसं नव्हती."

"होती," वन्सं म्हणाल्या. "फक्त त्यांना लाज वाटायची."

"मग बंदी घाला ना त्यांच्यावर! तुमचा कायदा काय झोपलाय? परवाच्या सभेला परवानगी दिलीच कशी?"

"वहिनी, मी असते तर मीही दिली असती."

"घ्या! वकीलबाई बोलल्या."

"ऐका तर. त्यांचं बोलणं मला किळसवाणं वाटतं. पण आज त्यांचं तोंड सरकारने बंद केलं, तर उद्या माझं करायला किती वेळ लागेल? घाण बोलणाऱ्याला आपणच चौकात उभं राहून उत्तर द्यावं. आपण दिलं का? मी गेले होते का परवा? नाही. घरी बसून टीव्हीला शिव्या घातल्या." वन्संनी पाण्याचा घोट घेतला. "पण फोडा म्हणणं, मारा म्हणणं, कसं फोडायचं ते शिकवणं, याला मी बोलणं म्हणत नाही. ते हत्यार हातात देणं झालं. तिथे माझी सहनशीलता संपते आणि पोलिसांचं काम सुरू होतं. त्यात मग दयामाया नको."

भिंग्याच्या हातातला पेला ताटावर आपटला. पाणी चादरीवर सांडलं. मोठी "अरे, अरे" करत फडकं घेऊन धावली. धाकटीने मुलाकडे बघितलं आणि नजर पटकन आपल्या ताटाकडे वळवली. आता बघायचं नाही, असं तिने मनाशी ठरवलं होतं. बघितलं असतं तर तिचा धीर सुटला असता.

एवढ्यात दुकानाच्या दारावरची घंटा वाजली. समोरच्या फुटपाथवरचे चष्मेवाले आले होते. प्रार्थनाघराच्या समितीचे तेच प्रमुख. तीस वर्षांची समोरासमोरची दुकानं, त्यामुळे ते सरळ मागच्या खोलीत आले.

"बसा, पान वाढते," मोठी सवयीने म्हणाली. काम नको म्हणायला निघालेलीही तीच आणि पान वाढायला उठलेलीही तीच.

"नको वहिनी, हॉस्पिटलमधून येतोय." त्यांनी स्टूल ओढलं. "चावीबाबा शुद्धीवर आहेत. उजव्या डोळ्याची आशा सोडा म्हणाले डॉक्टर." मग दादांकडे वळून ते म्हणाले, "मी कामाचं बोलायला आलोय. काचा नकोत. रात्री समिती बसली होती. लोखंडी पत्रे मारून टाका. वर हवेपुरती फट ठेवा, बास."

"अंधारात बसणार तुम्ही?" दादांचा घास हातातच राहिला.

"आमच्या लोकांना नवीन आहे का अंधार?" चष्मेवाले साधेपणाने म्हणाले. "माझ्या वडिलांनी हट्टाने काचा लावून घेतल्या होत्या, तुमच्या वडिलांकडून. म्हणाले होते, येणाऱ्याजाणाऱ्याला आत दिसू दे, आपण काय करतो ते. लपवण्यासारखं आहे काय आपल्याकडे? पण आता मुलं आत यायला रडतात हो. काय करू?"

भिंग्या उठायला लागला.

"बस खाली," धाकटी म्हणाली. आवाज चढवला नव्हता, पण पोरगा बसला. "चष्मेवाले, पत्रे मी लावणार नाही. आणि आधी सगळ्यांनी ऐका, काचा फुटल्या कशा."

"कशा म्हणजे? दगडांनी," मोठी म्हणाली.

"दगडांनी नाही फुटल्या, ताई. भट्टीतून कडक करून आणलेली काच होती ती. मागच्या वर्षी दगडफेक झाली म्हणून मुद्दाम टफन घातली होती आपण. तिच्या छाताडावर दगड मारला तर दगड परत येतो. भिंतीवर दगडांच्या खुणा आहेत, चौकटीवर आहेत. आणि प्रत्येक चौकटीला खाली उजव्या कोपऱ्यात हातोडीचा एकेक ठोका आहे. सगळीकडे त्याच जागी. एकही चुकलेला नाही."

दादा खुर्चीत सरळ झाले. त्यांना कळलं होतं. काचवाल्याला कळणारच ते.

"खुणेवर?"

"खुणेवर."

दुकानाची खूण म्हणजे दोन तिरक्या रेघा आणि मध्ये ठिपका. सासरे ती प्रत्येक काचेच्या खालच्या उजव्या कोपऱ्यावर उमटवत आणि ती रस्त्यावरून दिसावी म्हणून चौकटीची पट्टी तिथे अंगठ्याएवढी तोकडी कापत. बाकी सगळे काचवाले काचेची कड पट्टीत पुरती बुडवतात. यांचा कोपरा उघडा. शहरभर लोक म्हणायचे, उघडा कोपरा दिसला की समजावं काच कोणाची. साध्या काचेला त्याने काही बिघडत नव्हतं. कडक काचेचा सगळा जीव मात्र कडेला असतो. कोपऱ्यावर टोकदार वस्तूचा एक ठोका बसला, की अख्ख्या काचेचा भुगा होतो.

"बाबांची पद्धत आहे ती," दादा पुटपुटले. "आपलं नाव आहे ते."

"नावच आहे. मला कळत होतं, तरी मीही कोपरा उघडा ठेवला. आपली काच म्हणून लोकांनी बघावं, एवढी हौस." धाकटीने ताट बाजूला सारलं. "पण कडक काच कुठे मरते, हे चौकातल्या त्या भाषणबाजांना कुठून कळणार? शिडीवर उभं राहून मी ते एकाच माणसाला सांगितलं होतं. धंदा शिकतोय म्हणून."

तिने अजूनही त्याच्याकडे बघितलं नाही. बाकीच्यांनी बघितलं.

"मी तिथे नव्हतो," भिंग्या म्हणाला.

"तुला अजून कोणी विचारलेलं नाही," वन्सं म्हणाल्या.

पोराचा चेहरा पांढराफटक पडला. मग ते भडाभडा बाहेर आलं. त्याने हातोडी हातातही धरली नव्हती. तो गाडी घेऊन गावाबाहेर होता, हवं तर पावत्या बघा. फोनवर एक ग्रुप होता. नवी काच बसल्यावर मारलेले दगड परत आले म्हणून पोरं हळहळत होती. "मी फक्त लिहिलं, आई. मधे मारून काय होणार, खुणेवर मारा. गंमत म्हणून. सगळे वा वा म्हणाले. मी मारलं नाही कोणाला. फक्त सांगितलं."

"आणि ज्यूंबद्दल तिथे जे लिहितात ते?" धाकटीने विचारलं. "ते तुला खरं वाटतं?"

"सगळेच लिहितात गं."

"मी तुला विचारतेय."

त्याने चादरीवरच्या ओल्या डागावर बोट फिरवलं. "आधी नव्हतं वाटत," तो म्हणाला. "रोज वाचत गेलो. मग वाटायला लागलं."

"माझ्याबद्दल?" चष्मेवाल्यांनी विचारलं. "ते भिंग तुला मी दिलं होतं रे. माझ्याबद्दलही वाटायला लागलं?"

भिंग्याने मान हलवली, हो की नाही ते कळेना, आणि तो ढसाढसा रडायला लागला. बावीस वर्षांचा बाप्या, पण लहान पोरासारखा नाक ओढत रडला.

मोठी त्याच्या मागे जाऊन, खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. "बास झालं. लेकरू आहे ते, वाहवत गेलं. याचे काका काचा फुकट बसवून देतील. दवाखान्याचा खर्च आम्ही उचलू. घरातली गोष्ट घरात मिटवा. वन्सं, तुम्हीच सांगत असता ना सगळ्यांना सामावून घ्यावं, माणसाला संधी द्यावी? मग आपल्या पोराला नको? आणि चष्मेवाले भाऊ, तुम्ही तर माफ करालच. करणार ना?"

चष्मेवाल्यांनी चष्मा काढून पुसला. "वहिनी, गेलेला डोळा चावीबाबांचा आहे. मी तो कसा माफ करू?" ते उठले नाहीत, त्यांचा आवाजही चढला नाही. "आणि मिटवायचंच म्हणाल, तर आमच्या बाबतीत जे होतं ते असंच मिटतं. कोणाच्या तरी जेवणाच्या टेबलावर, चांगल्या माणसांच्या हातून. मग काही दिवसांनी परत होतं. मी तुमच्या पोराचा जीव मागायला आलेलो नाही. मी पत्रे मागायला आलो होतो."

धाकटीला हे ऐकवेना. पोराला पाठीशी घालावं, ओरडून सांगावं की माझं एकच आहे, त्याला हात लावू नका, असं तिला वाटलं. खरंच वाटलं, त्यात काय लपवायचं? कोणत्या आईला वाटणार नाही? पण ती शिडी आणि ती खाली धरणारे म्हाताऱ्याचे हात तिच्या डोळ्यांसमोरून हलेनात. आपल्या पोराच्या एका ओळीपायी आता ती माणसं पत्र्याआड बसणार होती.

"ताई," ती मोठीला म्हणाली, "तुम्ही इतकी वर्षं या टेबलावर गोळा फिरवताय. सापडलेला कण तुम्ही कधी चादरीखाली सरकवलात का हो?"

मोठीने नकारार्थी मान हलवली. भिंग्याच्या खांद्यावरचा हात मात्र तिने काढला नाही.

"काय करू मी?" भिंग्याने विचारलं. विचारलं आत्याला, पण बघत होता आईकडे.

"ठाण्यात जायचं," वन्सं म्हणाल्या. "फोन त्यांच्या हातात द्यायचा. तू काय लिहिलंस ते सांगायचं आणि कोणी काय उत्तर दिलं तेही. नावांसकट."

"ते सोडणार नाहीत मला. दुकानही सोडणार नाहीत."

"नसतील सोडणार. आणि ऐक, तुझी वकील मी होणार नाही. मी चावीबाबांची होणार. तुला दुसरा बघून देते, माझ्याशी भांडेल असा."

"वन्सं!" मोठी किंचाळली.

"वहिनी, पोराला कायद्याने शिक्षा झाली तर त्याच कायद्याने तो सुटूनही येईल. जमावाच्या तडाख्यात सापडलेल्याला कोण सोडवणार? ते चावीबाबांना विचारा."

दादा इतका वेळ नुसते ऐकत होते. आता ते उठले, भिंतीला टेकवलेली एक नवी पट्टी उचलली, कोपऱ्यापर्यंत मापली आणि करवतीने पूर्ण लांबीची कापली. अंगठ्याएवढी जागा सोडली नाही.

"चष्मेवाले, काचच बसेल," ते म्हणाले. "कडा पूर्ण आत. आमची खूण पट्टीखाली जाईल, जाऊ दे. बाहेरून आमचं नाव दिसलं नाही तरी चालेल, आत तुम्ही दिसायला पाहिजेत. समितीला सांगा, धमकीचा फोन आम्हालाही आलाय आणि तरीही आम्ही येतोय."

चष्मेवाल्यांनी ती पट्टी हातात घेऊन टोकापर्यंत चाचपली. "सांगतो," ते म्हणाले. "ऐकतील असं नाही म्हणत. पण सांगतो."

भिंग्या उभा राहिला. त्याने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं, फोन उचलला, एकदा उघडून बघितला. एक बोट दाबलं असतं तर सगळं पुसलं गेलं असतं, हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. त्याने फोन तसाच खिशात टाकला.

"जातो," तो म्हणाला.

तेव्हा कुठे धाकटीने त्याच्याकडे बघितलं.

"थांब," मोठी आत धावली. ती परतली तेव्हा तिच्या हातात इस्त्रीचा शर्ट होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडाने चालूच होतं, "असल्या कळकट शर्टात जायचं नाही. या घरातला माणूस ठाण्यात जातोय, नीट जाऊ दे. आणि जेवला नाहीयेस, ते साहेबांना सांग. काहीतरी देतील खायला. नाही दिलं तर मी डबा घेऊन येते, मला कोण अडवतो तेच बघते."

मायलेक रस्त्याने चालत निघाले. प्रार्थनाघरासमोर काचेचा भुगा कोणीतरी झाडून ढीग करून ठेवला होता. रिकाम्या चौकटींमधून आतली बाकं दिसत होती. भिंग्या तिथे थांबला. धाकटी त्याच्याजवळ उभी राहिली, चल म्हणाली नाही. त्याचं त्यानेच पाऊल उचललं.

ठाण्यातले साहेब टेबलामागून म्हणाले, "तक्रार द्यायची आहे?"

"नाही. परवाच्या काचा कुठे फोडायच्या ते मी सांगितलं होतं," भिंग्या म्हणाला. त्याचा आवाज फाटला, पण थांबला नाही. "बाकी कोण कोण होतं तेही सांगतो. सगळं यात आहे." त्याने फोन टेबलावर ठेवला.

साहेबांनी फोनकडे, मग त्याच्याकडे, मग मागे उभ्या असलेल्या बाईकडे बघितलं. "तुम्ही कोण?"

"आई आहे याची."

"बाई, विचार केलाय ना? हा आत जाईल."

"माहीत आहे, साहेब. मी ओढून आणलेला नाही. स्वतःच्या पायांनी आलाय." हे बोलताना तिची मान ताठ झाली. पोरगा जन्मला तेव्हा, पहिली काच सरळ कापली तेव्हा, गाडी चालवायला शिकला तेव्हा तिला त्याचा अभिमान वाटला होता. पण आजच्याइतका कधीच वाटला नव्हता आणि आजच्याइतका त्याचा रागही कधी आला नव्हता. दोन्ही एकाच वेळी छातीत मावत होतं, याचं तिलाच नवल वाटलं.

साहेबांनी कागद पुढे ओढला. "त्या काचा कोणाच्या दुकानातून आल्या होत्या?"

"आमच्याच."

"आता कोण बसवणार?"

"आम्हीच," धाकटी म्हणाली. "शिडी धरायचे ते बाबा हॉस्पिटलात आहेत. तोवर त्यांच्या जागी माझी मोठी जाऊ उभी राहील. आणि हा सुटून आला की त्या दाराशी शिडी धरायला हाच उभा राहणार, सगळ्यांच्या देखत. मी वर असेन. लिहून घ्या, साहेब."

भिंग्याने मागे वळून आईकडे बघितलं. "धरीन," तो म्हणाला आणि साहेबांसमोरच्या खुर्चीत बसून पहिलं नाव सांगितलं.